कोर्स, कॅमेरा की कुणाची तरी बॅग?

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी २४ वर्षांची. बी.कॉम. झालंय, कळव्याला राहते, ऐरोलीत एका कंपनीत बॅकऑफिसला आहे. दीड लाख साठवलेत. त्यात सहा महिन्यांचा फोटोग्राफीचा कोर्स करू की चांगला कॅमेरा घेऊ? नोकरी कधी सोडू? आणि रात्रीच्या ऑर्डरींना घरचे नाही म्हणतात, त्याचं काय करू?"

दीड लाख आहेत तिथेच राहू देत. निदान पुढचे सहा महिने त्यांना हात लावू नकोस. या सहा महिन्यांत एकच कर: ज्याच्या किंवा जिच्या हातात वर्षभर लग्न-समारंभांच्या फोटोच्या ऑर्डरी असतात अशा फोटोग्राफरची बॅग उचल, म्हणजे असिस्टंट म्हणून मागे फिर. सुट्टीच्या दिवशी जा, शनिवार-रविवार जा, पैसे मिळाले तर घे, नाही मिळाले तरी पहिल्या दोन-तीन वेळा जाच. त्यानंतर मात्र फुकट जाऊ नकोस, कारण फुकट येणाऱ्या असिस्टंटला कुणी काही शिकवत नाही, नुसतं राबवतात.

हे मी अनुभवावरून सांगतेय. २००३ साली ठाण्यात, नौपाड्यातल्या एका स्टुडिओत मी काउंटरवर लागले. पासपोर्ट फोटो कापायचे, पाकिटात भरायचे आणि लग्नसराईत सरांच्या मागे फ्लॅशची बॅटरी खांद्याला अडकवून फिरायचं. रोल ३६ फोटोंचा. आख्ख्या लग्नाला मोजून सहा-सात रोल मिळायचे, त्यामुळे सर एक फोटो काढायचे आणि चार सोडून द्यायचे. सोडून दिलेले ते चार कोणते, हे बघत बघत मी शिकले. स्वतःच्या हातात कॅमेरा दीड वर्षाने आला, तोपर्यंत कुठे उभं राहायचं ते कळलेलं होतं.

फोटो काढता येणं वेगळं आणि ऑर्डर पार पाडता येणं वेगळं. पहिलं तुला बहुधा आत्ताच थोडंफार येत असेल. लोक पैसे देतात ते दुसऱ्या गोष्टीचे.

अंतरपाटाचंच घे. मंगलाष्टकं चालू आहेत, शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, आणि नवरा-नवरीने एकमेकांकडे पाहिलं. हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. तेवढ्यात शंभर हातांतून अक्षता उडतात आणि कॅमेऱ्याचा ऑटोफोकस नवरीचा चेहरा सोडून हवेतल्या तांदळाच्या दाण्याला जाऊन चिकटतो. समोर मोबाइल घेतलेले सात काका उभे. नवीन मुलं इथे हमखास गडबडतात आणि मग घरी येऊन लेन्सला दोष देतात. अनुभवी माणूस काय करतो? अर्धा तास आधी गुरुजींना गाठतो. "गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला ओढणार? शेवटचं मंगलाष्टक कोण म्हणणार आहे?" हेच दोन प्रश्न. मामांना सांगून ठेवतो की थोडं मागे सरकून उभे राहा. फोकस आधीच लावून घेतो आणि लॉक करतो. काकांना हात जोडून सांगतो, "तुमचा फोटो मी वेगळा काढून देतो." या सगळ्यात कॅमेऱ्याचं बटण दाबण्याचं काम किती आलं?

मुहूर्त कुठला, सीमांतपूजन आदल्या दिवशी आहे का, लाजाहोमाला नवरीचा भाऊ कुठून येणार, कानपिळीच्या वेळी कोण कुणाचा कान धरणार, सूनमुख दाखवताना आरशात चेहरा दिसायला हवा असेल तर आपण कुठे बसायचं, हे सगळं अभ्यासाचं आहे. तू मराठी घरातली असशील तर निम्मं माहीत असेल. पण ठाणे-नवी मुंबईत काम करायचं म्हणजे आज तामिळ लग्न, उद्या गुजराती, परवा मल्याळी. ऑर्डर घेतली की त्या घरातल्या एखाद्या मावशीला फोन करून विधींचा क्रम लिहून घ्यायची सवय लाव.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडणारं. आपल्याकडे, म्हणजे ठाण्यात आणि वाशी-नेरुळच्या पट्ट्यात, भरतनाट्यम शिकणाऱ्या मुली खूप, त्यामुळे अरंगेत्रमच्या, म्हणजे पहिल्या जाहीर एकल नृत्यप्रयोगाच्या, ऑर्डरीही बऱ्यापैकी येतात. रंगमंचावर अंधार, लाल-निळे दिवे, फ्लॅशला मनाई, आणि मुलगी सतत हलतेय. शटर सेकंदाच्या १/५०० वर ठेवलं की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवावी लागते आणि फोटो रवाळ होतो. शटर १/१२५ ठेवलं की हात धूसर. मग करायचं काय? जतींच्या, म्हणजे पायांच्या बोलांच्या गटांच्या, शेवटी तीरमानम येतं, तीन वेळा तोच बोल, आणि तिसऱ्या वेळी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, ती क्षणभर थांबते. तो क्षण आधी ओळखता आला तर १/१२५ ला सुद्धा सुरीसारखा फोटो मिळतो. मी यासाठी एका नृत्याच्या क्लासमध्ये दोन महिने कोपऱ्यात नुसती बसत होते, हाताने ताल मोजत. कुठल्याही कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात हे सापडणार नाही.

आता उजेडाकडे येऊ. उजेड शिकायला स्टुडिओ लागत नाही. सकाळी दहा वाजता आईला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसव. खिडकी तिच्या समोर, मग बाजूला, मग पाठीशी, असं तिला दर वेळी थोडं थोडं फिरवत दहा फोटो काढ. मग स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलची एक शीट आण आणि सावलीच्या बाजूला धरून तेच दहा फोटो पुन्हा काढ. त्यानंतर आईला खिडकीपासून दुप्पट अंतरावर बसव. खिडकी लहान असेल तर उजेड झपकन पडलेला दिसेल. छोट्या दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड पाव होतो, हा नियम आपण शाळेत पाठ करून विसरतो. फ्लॅश वापरताना तोच रोज उपयोगी पडतो. नवरी फ्लॅशपासून पाच फुटांवर आणि तिची सासू दहा फुटांवर असेल तर सासूबाई काळ्या पडणारच. दोघींना सारख्या अंतरावर घे, किंवा फ्लॅश लांब ने आणि जोर वाढव.

ट्यूबलाइटमध्ये फोटोत आडवे पट्टे येतात, त्याचंही कारण समजून घे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर बहुतेक वेळा पट्टे जातात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचं गणित मात्र वेगळं असतं, तिथे हॉलवर लवकर जाऊन दोन-चार शटर स्पीड तपासून ठेवायचे.

आणि फ्लॅश छतावर उडवायचा म्हणतात ते आपल्या हॉलांत जपून. अर्ध्या हॉलांचं फॉल्स सीलिंग सोनेरी किंवा मरून असतं. त्या छतावरून परतलेला उजेड नवरीला कावीळ झाल्यासारखं करतो. अशा वेळी मागच्या पांढऱ्या भिंतीवर उडव, नाहीतर सरळ उजेड पसरवणारी फ्लॅशची छत्री लाव.

सरावासाठी ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या बाजारात सकाळी जा, पण एका नियमाने: तासाभरात फक्त ३६ फोटो आणि मागची स्क्रीन बघायची नाही. हा माझा जुना रोलचा हिशेब आहे. मोबाइलवर केलंस तरी चालेल. फूलवाल्यांशी आधी बोल, लपून काढू नकोस. ज्याला अनोळखी माणसाशी बोलता येत नाही त्याचं या धंद्यात कठीण आहे. फ्लेमिंगोंच्या मागे मात्र आत्ताच लागू नकोस. ऐरोलीची खाडी तुझ्या ऑफिसजवळच आहे, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत तिथे आणि सीवूड्सच्या पाणथळीत हौशी लोकांची तोफखान्यासारखी लेन्सांची रांग लागते. सुंदर छंद आहे, मीही जाते. पोट त्यावर भरत नाही.

पोट कशावर भरतं ते शनिवार-रविवारपलीकडे बघितलं की दिसतं. रबाळे, महापे, तुर्भे, वागळे इस्टेट इथल्या कारखान्यांना कॅटलॉगसाठी फोटो लागतात: व्हॉल्व्ह, गिअर, बाटल्या, मसाल्याची पाकिटं. घोडबंदर रोडला नवीन फ्लॅटचं इंटिरिअर करणाऱ्यांना फोटो लागतात. या कामात कुणी रडत नाही, कुणी रुसत नाही, आणि संध्याकाळी सहाला घरी जाता येतं. त्यासाठी घरातला स्टीलचा डबा घे आणि त्याचा असा फोटो काढ की डब्यात तू, कॅमेरा, पंखा, खिडकीचे गज यांपैकी काहीही दिसणार नाही. चार बाजूंनी बटर पेपर लावून उजेड गाळावा लागेल. हा डबा ज्याला जमला त्याला व्हॉल्व्ह जमतो. मला पहिल्यांदा पूर्ण रविवार लागला होता.

कोर्सचं म्हणशील तर सगळे कोर्स वाया असतात असं मी म्हणत नाही. होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या होत्या. चित्रकलेची बैठक असली की फोटोची चौकट आपोआप सुधारते. पण सहा महिन्यांच्या खाजगी कोर्सला पैसे भरण्याआधी तिथे जाऊन चार गोष्टी विचार. शिकवणारे गेल्या वर्षी स्वतः काय काम करत होते? फ्लॅश आणि स्टुडिओ लाइट प्रत्यक्ष तुझ्या हातात किती दिवस असणार? एका बॅचला मुलं किती? आणि मागच्या बॅचच्या दोन मुलांचे नंबर मिळतील का? चौथ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर चहा पिऊन परत ये. 'शंभर टक्के प्लेसमेंट' हे शब्द कानावर पडले तर चहाही पिऊ नकोस. छिद्र (लेन्सचं तोंड किती उघडायचं ते), शटर, आयएसओ ही त्रिकुटी आठ दिवसांत फुकट शिकता येते, तेवढ्यासाठी पैसे घालवायचे नाहीत. एडिटिंगचा चांगला छोटा वर्ग मिळाला तर तो मात्र कर.

कॅमेरा सहा महिन्यांनंतर घे, आणि वापरलेला घे. फोर्टातल्या बोरा बाजारात जा, पण कुणा जाणत्याला बरोबर ने. शटर किती वेळा चाललंय ते बघ, लेन्समधून टॉर्च मारून बुरशीचे तंतू दिसतात का बघ. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि एकदा धरली की तिचा खर्च नव्या लेन्सच्या निम्म्यावर जातो. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, एवढं पहिल्या दिवसापासून हवं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची एफ १.८, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स लावली की ती ७५-८० मिमीसारखी दिसते, चेहऱ्यांना उत्तम, आणि स्वस्त. दुसरी लेन्स घेण्याआधी फ्लॅश घे. महागडी लेन्स एखाद्या ऑर्डरला लागलीच तर भाड्याने मिळते. दोन मेमरी कार्डं एकाच वेळी भरणारा कॅमेरा परवडत असेल तर तोच घे.

कार्डांचा आग्रह का, ते सांगते. २०११ मध्ये एका साखरपुड्याचं कार्ड मी दुसऱ्या दिवशी, रिकामं समजून, फॉरमॅट केलं. चूक कॅमेऱ्याची नव्हती, कार्डाची नव्हती, माझीच. त्यावर नवे ४० फोटोही काढून झाले होते. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंचसं परत दिलं, अंगठी घालतानाचे फोटो मात्र गेले ते गेलेच. मी त्या मुलीच्या घरी जाऊन सांगितलं आणि सगळे पैसे परत दिले. तिच्या वडिलांनी पाणी विचारलं, बाकी एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून भरलेलं कार्ड उलटं करून डाव्या खिशात आणि रिकामं उजव्या खिशात. घरी पोचल्यावर आंघोळीआधी दोन हार्ड डिस्कवर प्रत. तिसरी प्रत घराबाहेर, बहिणीकडे. २४ मेगापिक्सेलची एक रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची, फाइल साधारण २५ ते ३० एमबीची असते, दोन दिवसांच्या लग्नात ३,००० फोटो निघाले तर ७५ ते ९० जीबी झाले. हार्ड डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये धर, नाहीतर तो तुझ्या खिशातून जातो.

रॉमध्येच काढ, हेही जाता जाता. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या तयार फाइलमध्ये, २५६. हळद लागलेला चेहरा, हिरवा चुडा आणि लाल शालू एकाच चौकटीत आले की हा फरक कळतो. एडिटिंगमध्ये "थोडं गोरं करा" ही मागणी येणारच. मी सरळ सांगते की उजेड चांगला देईन, रंग बदलणार नाही. एखाददुसरी ऑर्डर गेली असेल यामुळे. गेली तर गेली.

पैशांचं बोलायला तू विचारलं नाहीस, पण मुली इथेच मार खातात. समज, ४० हजारांची ऑर्डर घेतलीस. अल्बमचे नऊ, सेकंड शूटरचे (जोडीच्या दुसऱ्या फोटोग्राफरचे) सहा, गाडी आणि खाण्याचे दोन, डिस्कचे दोन. उरले २१. आता दोन दिवस शूट, दोन दिवस निवड, चार दिवस एडिटिंग, दीड दिवस अल्बमच्या दुरुस्त्या धर. साडेनऊ दिवसांचे २१ हजार, म्हणजे दिवसाला २,२०० च्या आसपास, त्यातून कॅमेऱ्याची झीज अजून काढलेली नाही. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय आकडा तोंडातून काढायचा नाही. ॲडव्हान्स तारीख धरतानाच, दुसरा हप्ता कार्याच्या दिवशी, उरलेले अल्बम छापायला देण्याआधी. अल्बम हातात पडल्यावर उरलेले पैसे देणारी माणसं असतात, पण त्यांच्या भरवशावर घर चालत नाही.

सगळं लिहून घे. कंपनीच्या कामात तर नक्कीच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, आपण नाही. मला हे उशिरा कळलं. एका कारखान्यासाठी कॅटलॉगपुरते म्हणून काढलेले फोटो पुढे सहा वर्षं त्यांच्या खोक्यांवर आणि जाहिरातींत दिसत राहिले. कागदावर 'कॅटलॉगपुरते' हा एक शब्द नव्हता, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. आता माझ्या कोटेशनमध्ये फोटो कुठे, किती काळ वापरायचे याची ओळ असते. छोट्या धंद्यांची सरकारी उद्यम नोंदणी मोफत होते, करून टाक. जीएसटीची सक्ती सेवांना २० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर, तोवर डोक्याला ताप नको. ड्रोनचाही नको. त्याची नोंदणी, धंद्यासाठी २५० ग्रॅमच्या वरचा उडवायला प्रमाणपत्र, शिवाय विमानतळांचं क्षेत्र. लागलाच तर परवाना असलेला माणूस दिवसापुरता बोलव.

आता घरच्यांचं. ते चुकीचं बोलत नाहीयेत. आगरी-कोळ्यांची हळद तू कळव्यात पाहिलीच असशील. लग्नापेक्षा हळद मोठी, डीजे, बँजो, आणि जेवणाची पंगत मध्यरात्रीपर्यंत. तिथे काम करायला मजा येते, माणसं प्रेमाने जेवू घालतात. पण परतताना लोकल नसते. माझा नियम पहिल्यापासून आहे: रात्री दहाच्या पुढची ऑर्डर असेल तर जाण्यायेण्याची गाडी ऑर्डर देणाऱ्यांची, आणि ते कोटेशनमध्ये लिहिलेलं. टीममध्ये मी एकटी बाई नसते. घरातल्या एका वयस्कर बाईची ओळख संध्याकाळीच करून घेते, बॅग तिच्या खोलीत ठेवते. कुणी पिऊन अंगावर यायला लागलं तर मी आवाज चढवत नाही, त्या मावशीला बोलावते. दोन मिनिटांत जागा मोकळी होते. आईला एकदा दिवसाच्या ऑर्डरीला बरोबर घेऊन जा. माझी आई आली होती, नवरीला साडी नेसवायला मदत करून आली आणि त्यानंतर तिने कधी अडवलं नाही.

आणि बाई असण्याचा फायदाही घे. नवरी तयार होते त्या खोलीत पुरुष फोटोग्राफर दार ठोठावून दोन मिनिटं थांबतो, तुला सगळे आत घेतात. मुंडावळ्या बांधताना आईचा हात थरथरतो तो फोटो तिथेच असतो. त्यामुळे चांगल्या सेकंड शूटर मुलीला इथे कायम मागणी आहे, आणि तुझी सुरुवातही बहुधा तिथूनच होईल.

नोकरी दोन सीझन होईपर्यंत सोडू नकोस. आपली लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढात थंडावतात. चातुर्मासात काढीव मुहूर्तावर एखादं होतं तेवढंच. म्हणजे वर्षातले चार महिने हाताला काम नाही. त्या चार महिन्यांत डबे, व्हॉल्व्ह, फ्लॅट, सोसायटीचे गणपती, बारशी यांतून घरखर्च निघतो का, हे नोकरीत असतानाच एकदा अनुभवून बघ. दोन्ही पावसाळ्यांत निघाला तर राजीनामा दे.

तोवर येत्या शनिवारपासून कुणाकडे तरी जायला लाग. जाताना काळा किंवा गडद शर्ट घाल, म्हणजे फोटोत मागे दिसणार नाहीस, आणि पायात आवाज न करणारे बूट. खायला काहीतरी स्वतःचं ने. आमची पंगत सगळ्यात शेवटी बसते.